फिजीचं रग्बी आणि ७ डॉलरची नोट

आज रिओ २०१६चा रग्बी सेव्हन्सचा अंतिम सामना पुन्हा पाहिला. फिजी ४३, ब्रिटन ७! १९७०पर्यंत ज्यांनी राज्य केलं, त्यांनाच हरवून देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण. त्यावर ७ डॉलरची नोट निघाली.

पंधराजणांच्या मैदानावर इथे सातच खेळाडू, म्हणजे मोकळी जागा भरपूर. फिजीचा खेळाडू पकडला गेला तरी जमिनीवर पडण्याआधी एका हाताने चेंडू सोडतो. त्याला धरणारे दोघे तिथेच अडकतात. साथीदार वेळेवर पोचला नाही, तर मात्र चेंडू थेट समोरच्या संघाकडे.

एक सल उरतेच. रग्बी प्रामुख्याने मूळ फिजीवासीयांचं राहिलं, गिरमिटियांचे, म्हणजे भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचे, वंशज फुटबॉलकडे वळले. उसाच्या मळ्यांसाठी मजूर आणून इंग्रजांनी दोन समाज वेगळे ठेवले, तेच मैदानांवरही उतरलं.