डिस्काउंट विचारू नका, कोटेशन मागा

मी नागपुरात इतवारीत एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहिते. त्यामुळे घरात कोणाला गाडी घ्यायची झाली की मला सोबत नेतात. या वेळी मावसभावाची पाळी होती. तो मानेवाड्याहून बुटीबोरीला एमआयडीसीत जातो, शिफ्टची नोकरी आहे. १२५ सीसीची दुचाकी घ्यायची, हे त्यानं ठरवून ठेवलं होतं. किमतीचं मी बघायचं होतं.

शोरूममध्ये शिरल्या शिरल्या बहुतेक जण एकच विचारतात, "डिस्काउंट किती देता?" मला हा प्रश्न कधीच पटला नाही. विक्रीवरचा पोरगा हसून हजार रुपये कमी करतो, आपण खूश होतो, आणि ते हजार इन्शुरन्सच्या आकड्यात आधीच चढवलेले असतात. म्हणून मी बसते आणि छापील कोटेशन मागते, एकेका ओळीचं वेगळं. नुसता "ऑन रोड इतके" असा सगळं मिळून एकच आकडा चालत नाही.

कोटेशन हातात आलं की पहिलं काम म्हणजे ज्या ओळी कोणीच हलवू शकत नाही त्या बाजूला काढायच्या. एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून गाडीची किंमत कंपनीची असते. कंपनीची स्कीम चालू असेल तर ती तिथंच वजा झालेली दिसली पाहिजे. रोड टॅक्स सरकारचा: आपल्याकडे महाराष्ट्रात १२५ सीसीच्या गाडीला ११ टक्के. थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणाऱ्या विम्याचा दरही सरकारच ठरवतं. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला तो एकदम ५ वर्षांचा घ्यावा लागतो, आणि जून २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीसाठी तो ३,८५१ रुपये होता, वर जीएसटी. कोणत्याही विमा कंपनीकडे जा, हा आकडा एकच. यावर भांडण्यात वेळ घालवू नये.

मग उरतं ते सगळं बोलण्यासारखं असतं. आमच्या कोटेशनमध्ये इन्शुरन्स होता ८,४०० रुपये. मी त्याची फोड मागितली. थर्ड पार्टी सोडला तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा विमा, मालक-चालकाचा अपघात विमा आणि झिरो डेप (क्लेममध्ये सुट्या भागांची घट न कापणारं कव्हर), एवढंच त्यात होतं. या भागावर प्रत्येक विमा कंपनी वेगळी सूट देते. मी तिथंच बसून मोबाइलवर तेवढ्याच कव्हरचा भाव काढला. तो निघाला ६,३५० रुपये. विमा शोरूममधूनच घ्यायचा अशी सक्ती कोणी करू शकत नाही. पॉलिसी बाहेरून काढायला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लागतो, तो मागायचा. मी मागितला, तर पोरगा म्हणाला, "ताई, बाहेरची पॉलिसी घेतली तर क्लेमच्या वेळी त्रास होते." मी म्हटलं, कॅशलेस असेल तर तुमच्याच वर्कशॉपमध्ये चालते की नाही, तेवढं सांग. तो मॅनेजरकडे गेला आणि परत आला तेव्हा त्याचा भावही ६,३५० झाला होता. मग आम्ही तिथूनच घेतला, कारण भाव सारखा असताना धावपळ कशाला करायची.

आणखी एक. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे आधीपासून असेल तर तो दुसऱ्यांदा घ्यावा लागत नाही. घरात आधीची गाडी असणाऱ्यांनी हे नक्की बघावं.

दुसरी ओळ होती हँडलिंग चार्जेस, १,५०० रुपये. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. गाडी शोरूमपर्यंत आणणं, पुसून उभी करणं, तपासून देणं हा विक्रेत्याचा धंदा आहे, आणि एक्स-शोरूम किंमत म्हणजे शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीचीच किंमत. मी शांतपणे विचारलं, याची पावती कोणत्या नावानं देणार? बिलावर हे लिहून द्याल का? ती ओळ निघाली. आवाज चढवायची गरज पडली नाही.

अ‍ॅक्सेसरीज किट ३,२०० रुपयांची लावली होती. त्यात साडी गार्ड आणि मागचं हँडलसुद्धा मोजलेलं! केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी हँडल, पाय ठेवायची सोय आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारा गार्ड गाडीला असायलाच हवा. हेल्मेटही गाडीसोबत देण्याचा नियम त्याच नियमावलीत आहे, १३८ मध्ये. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही सोबतच येते. या कशाचेही वेगळे पैसे द्यायचे नाहीत. आम्ही फक्त लेग गार्ड घेतला, ९०० रुपयांत. सीट कव्हर आणि मॅट बाहेर स्वस्त मिळतं.

या तीन ओळींत मिळून ५,८५० रुपये कमी झाले. मावसभावाच्या दोन महिन्यांच्या पेट्रोलपेक्षा जास्तच असतील.

वेळेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे गाडी मुहूर्तावरच घेतात. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा. त्या दिवशी टेकडीच्या गणपतीपुढे नव्या गाड्यांच्या पूजेची रांग असते, आणि शोरूममध्ये भाव करायला कोणाला सवड नसते. पितृपक्षात मात्र तेच शोरूम रिकामं असतं आणि महिन्याचं टार्गेट तर डोक्यावर असतंच. मावशी म्हणाली, "पितरांच्या दिवसांत नवीन वस्तू नाही आणत बापा." तिचा मान राखून आम्ही वाट काढली: बोलणी पितृपक्षात, गाडी घरी दसऱ्याला. फक्त बुकिंगच्या पावतीवर मॉडेल, रंग, ठरलेली एकूण रक्कम आणि बुकिंग रद्द केल्यास पैसे परत, एवढं लिहून सही-शिक्का घेतला. कराचंही लक्षात ठेवावं. २२ सप्टेंबर २०२५ ला, नेमक्या घटस्थापनेला, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आधी बुक करून नंतर गाडी उचलणाऱ्यांचं बिल नव्या दरानंच व्हायला हवं होतं.

डिसेंबरातही सूट बरी मिळते, कारण जानेवारी लागला की उभी गाडी मागच्या वर्षाची होते. ती घ्यायला हरकत नाही, पण सूट त्या मानानं मिळाली पाहिजे. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, गाडी बनल्याचा महिना असतो आणि आरसीवरही तोच येतो. पुढे विकताना घेणारा तो बघणारच.

कर्जाचं थोडक्यात सांगते. "फक्त ९ टक्के" म्हणाले की फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (शिल्लक रकमेवर व्याज) ते विचारा. ८०,००० रुपये ३ वर्षांसाठी ९ टक्के फ्लॅटनं घेतले तर हप्ता सुमारे २,८२२ पडतो, आणि शिल्लक रकमेवर मोजलं तर तेच व्याज १६ टक्क्यांच्या वर जातं. आधी आपल्या बँकेत विचारून मगच शोरूमच्या फायनान्सवाल्यापुढे बसा.

आणि समोरच्या पोराशी नीट बोला. तो पगारावर काम करतो, किंमत त्यानं ठरवलेली नसते. "एवढ्यात काहीच उरून नाही राहिलं ताई," असं तो म्हणतो तेव्हा त्याच्यापुरतं ते बहुधा खरंच असतं. म्हणून त्याच्यावर चिडायचं नाही, त्याला मॅनेजरकडे पाठवायचं, आणि त्याच कंपनीच्या शहरातल्या दुसऱ्या शोरूमचं कोटेशन सोबत द्यायचं. आमच्या पोरानं गाडी देताना टायरची हवा, बॅटरी, टूलकिट सगळं स्वतःहून दाखवलं. चेसिस नंबर बिलाशी जुळवून बघितला, तोही त्यानंच टॉर्च धरून.