प्लॅन वाढवला आणि नेट मंदावलं

मी इंटरनेट कंपनीसाठी घरोघरी दुरुस्तीला जातो. बेळगावच्या वडगावातल्या एका वहिनींची तक्रार माझ्या मोबाइलवर दोनच शब्दांत आली होती, ‘स्लो स्पीड’. घरी गेल्यावर त्या म्हणाल्या, “प्लॅन वाढवल्यापासनंच बिघडलंय बघा. जुन्या बॉक्सवर चांगलं चालत होतं की!” बॉक्स म्हणजे राउटर. कॉल सेंटरलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. त्या मराठीत बोलल्या, पलीकडच्यानं हिंदीत उत्तर दिलं, तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, इंग्रजीत लिहिलं गेलं आणि नेमकं हेच वाक्य गळालं. दर वेळी राउटर बंद करून चालू करायला लावायचं आणि तक्रार मिटवायची, एवढंच चाललं होतं.

वहिनी घरी बसून शहापूर-वडगावच्या साडी दुकानदारांचं जीएसटीचं काम करतात. दर महिन्याच्या 3बी या जीएसटी रिटर्नची 20 तारीख तोंडावर आलेली.

फायबरमधून येणारा प्रकाश मोजायला पॉवर मीटर लावला. उणे 19 डीबीएम, म्हणजे बाहेरची लाइन ठणठणीत. राउटरजवळ मोबाइलवर 150 एमबीपीएसच्या प्लॅनला 140 च्या वर मिळत होते. केबलनं जोडलेल्या कॉम्प्युटरवर मात्र जेमतेम 3-4. इथे आमची बरीच पोरं ‘कॉम्प्युटर जुना झालाय’ म्हणून निघून येतात. मला याचा राग येतो. ऐकणारा बिचारा खरं मानून नवा घेतो.

कॉम्प्युटरवरून राउटरला पिंग केलं, म्हणजे छोटासा संदेश पाठवून बघितला, तर उत्तर झटक्यात. मोठी फाइल उतरवायला घेतली की सगळं कोलमडायचं. हे लक्षण ड्युप्लेक्सच्या गोंधळाचं, म्हणजे दोन्ही टोकांनी एकाच वेळी बोलायचं (फुल) की आळीपाळीनं (हाफ), यावर एकमत नसल्याचं. नेटवर्क कार्डची सेटिंग उघडली, तर कुणीतरी दोन्ही टोकांना आपसांत ठरवू देणारं ‘ऑटो’ काढून ‘100 फुल ड्युप्लेक्स’ करून ठेवलेलं. असं केलं की राउटरला समोरचा वेग ओळखता येतो, पण फुल की हाफ ते कळत नाही, मग नियमानुसार तो हाफ धरतो. कॉम्प्युटर आपला दोन्हीकडून बिनधास्त बोलत राहतो. राउटर मात्र समोरून आवाज आला की थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

परत ‘ऑटो’ केलं, तर लिंकच गेली!

प्लग काढून उजेडात धरला. आठ खाचांत चारच तारा होत्या, केशरी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी आवरणापाशीच छाटलेली. पूर्वी गल्लीतले केबलवाले असंच करायचे. 100 एमबीपीएसला चार तारा पुरतात, उरलेल्या चारांवर दुसरं कनेक्शन काढता यायचं. जुना बॉक्स 100 चाच, म्हणून काही अडलं नाही. वाढीव प्लॅनबरोबर गिगाबिटचा, म्हणजे 1000 एमबीपीएसचा, बॉक्स आला. कार्डही गिगाबिटचं, त्यामुळे दोघांचं 1000 वर ठरायचं, पण त्याला आठही तारा लागतात, आणि लिंक काही उभी राहायची नाही. काही कार्डं अशा वेळी आपणहून 100 वर उतरतात, हे उतरत नव्हतं. मग बॉक्स बसवायला आलेल्या आमच्याच माणसानं ते जबरदस्तीनं 100 वर बसवलं. कॉम्प्युटर कनेक्ट झालेला दिसला, काम पूर्ण म्हणून नोंदलं गेलं. त्याच्यावर सगळा दोष ढकलायला मन धजत नाही. दिवसाला इतकी तिकिटं बंद झालीच पाहिजेत म्हटल्यावर केबल कोण तपासणार?

भिंतीतली केबल सुदैवानं शाबूत होती. दोन्ही टोकं मागं कापली, आठही तारा रंगाच्या क्रमानं लावून नवे प्लग दाबून बसवले. लिंक 1000 ची, स्पीड 147. वहिनींनी तिथल्या तिथे पोर्टलवरची फाइल उतरवून बघितली. मग मला विचारलं, “आणि इतके महिने जादा पैसे भरले, त्याचं काय?”

ऑफिसचं म्हणणं, राउटरपर्यंत स्पीड पूर्ण होता, परतावा मिळणार नाही. मला ते पटत नाही. सेटिंग आमच्या माणसाची, बॉक्स आमचा. छाटलेल्या प्लगचा फोटो आणि आधीचं-नंतरचं रीडिंग जोडून मी रिपोर्ट दिलाय. नवा बॉक्स लावण्याआधी प्लगमधल्या तारा मोजाव्यात, असंही त्यात लिहिलंय. अजून उत्तर नाही. शहापूर, खासबागच्या जुन्या घरांत तसल्या चार-तारी केबली अजून आहेत, आणि नवे बॉक्स रोज बसताहेत.