पिसं झडली तर झडू देत, श्वासाचा आवाज ऐका

कोंबडीची पिसं झडायला लागली, तुरा फिका पडला, अंडी बंद झाली की बहुतेक जण म्हणतात "पिसं टाकतेय, होईल नीट", आणि बऱ्याचदा ते खरंच असतं. दिवस लहान व्हायला लागले की वर्षाच्या पुढची कोंबडी डोकं-मानेपासून सुरू करून शेपटीपर्यंत पिसं बदलते, त्यात 2-3 महिने सहज जातात, आणि पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, मग अंड्याला उरणार काय. ती थोडी गप्प होते, कोपऱ्यात बसते. पण शिंका, श्वासाची घरघर, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, चोच उघडी ठेवून श्वास घेणं, हे पिसांमुळे होतच नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

गडबड अशी की पिसं झडणं आणि आजार दोन्ही एकदम येतं. मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा जंतू, ज्याच्यामुळे सीआरडी म्हणजे कोंबड्यांचा श्वासाचा जुनाट आजार होतो, एकदा शिरला की कोंबडी वरून बरी दिसली तरी तो आत राहतोच आणि ताण आला की डोकं वर काढतो, आणि पिसं बदलणं हा तिच्या शरीरावर मोठाच ताण. त्यात आणखी एक, सर्दी झालेली कोंबडी नाक खांद्याच्या पिसांना पुसते त्यामुळे तिथली पिसं चिकट, मळकी होतात, ही एरवी फार चांगली खूण, पण नेमकी तीच पिसं गळून पडली तर दिसणार काय! म्हणून मी रात्री सगळ्या शांत झाल्या की खुराड्यापाशी नुसती उभी राहून ऐकते, दिवसा न कळलेली घरघर तेव्हा लगेच कळते. तोंड सुजलंय आणि नाकातल्या पाण्याला घाण वास येतोय तर कोरायझाची, म्हणजे कोंबड्यांच्या संसर्गजन्य सर्दीची शंका घ्या, तो फार भराभर पसरतो, आजारी कोंबडी त्याच दिवशी वेगळी करा.

औषध प्लीज मनाने देऊ नका. पेनिसिलिन जंतूच्या पेशीभित्तिकेवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर मारा करतं, मायकोप्लाझ्माला ती पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिन देऊन काही उपयोग नाही, आणि डॉक्सीसायक्लिनसारखी औषधं खाद्यातल्या कॅल्शियमला चिकटतात, मग लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं कॅल्शियमवालं खाद्य) आणि शिंपल्यांचा चुरा चालूच असेल तर औषध नीट लागू पडत नाही, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. औषध चालू असताना आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, विकायची तर नाहीच नाही.

बाकी आपल्या हातातलं म्हणजे खाद्यात प्रोटीन 16 वरून 18-20 टक्क्यांपर्यंत न्या आणि खुराड्यात खाली अंथरलेलं तूस कोरडं ठेवा, खाली वाकल्यावर आपले डोळे चुरचुरले तर विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू तिच्या श्वासनलिकेचं आधीच वाटोळं करत असतो. उगाच उचलू पण नका हो तिला, नवीन पिसांच्या कोंबात रक्त असतं, नुसतं दाबलं तरी दुखतं. आणि सीआरडीतून बरी झालेली कोंबडी दुसऱ्या कुणाच्या कळपात देऊ नका, आणि तिच्या अंड्यांतून पिल्लंही काढू नका कारण हा जंतू अंड्यातूनही पुढे जातो.