८५ रुपयांचा भोपळा

आईच्या स्मरण उपासनेला सात जण बोलले आणि सातही जणांनी "शांत, सोशिक, प्रेमळ" हेच तीन शब्द वापरले. मी पहिल्या बाकावर बसून ऐकत होते, शेवटी दादा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, हे कोणाबद्दल चाललंय गं? प्रेमळ ठीक आहे, एक वेळ मान्य. पण शांत? सोशिक? ज्या बाईने चर्चच्या लिलावात एका भोपळ्याला ८५ रुपये मोजले, तेही १९८४ साली, तेही निव्वळ एका माणसाची जिरवायला, ती सोशिक? पण तिथे माईकवर जाऊन कोण भांडणार, म्हणून इथे लिहितेय.

आई मूळची नगरची, १९३७चा जन्म. नगर म्हणजे आमच्या मराठी ख्रिस्ती लोकांचं माहेरच म्हणा, मिशनच्या शाळा तिथे, मिशनचं ‘ज्ञानोदय’ नियतकालिक १८४२ला निघालं ते तिथे, कवी रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचा संसार तिथला, त्यामुळे आईच्या मते जगातलं जे काही चांगलं ते नगरहून आलेलं आणि मुंबईत फक्त पाणी चांगलं. १९५९ला लग्न होऊन ती भायखळ्याला आली. दोन खोल्या, संडास बाहेर, सासू घरात, बाबा रेल्वेच्या परळ वर्कशॉपला. ट्रेनिंग झालेलं होतं म्हणून लगेच म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत लागली आणि पुढची ३६ वर्षं लालबाग, काळाचौकी, चिंचपोकळी याच पट्ट्यात बदल्या होत होत १९९५ला रिटायर झाली. मध्ये आम्ही दोघं झालो. "मध्ये" हा तिचाच शब्द, "मध्ये ही दोघं झाली", जसं काही मे महिन्याच्या सुट्टीत उरकून घेतलं.

आई मोजायची. बस, हे एवढंच तिच्याबद्दल खरं सांगण्यासारखं आहे असं मला आता वाटतं. जिना चढताना पायऱ्या, परातीतल्या चपात्या, वर्गातली डोकी, सगळं मोजायची. १९८१च्या जनगणनेची ड्युटी लागली तेव्हा ती गिरणगावातल्या चाळींतून फिरली. १० बाय १२ची एक खोली, त्यात गावाकडचे चौदा बाप्ये, आणि झोपायला जागा पाळीप्रमाणे, म्हणजे रात्रपाळीचा उठून गेला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर आडवा. आई घरी येऊन बाबांशी हुज्जत घालायची की हे एक कुटुंब धरायचं की चौदा? बाबा म्हणायचे, अगं फॉर्ममध्ये सांगितलंय तसं भर ना. पण तिला ते पटायचं नाही, जो आत्ता मिलमध्ये मशीनवर उभा आहे त्याला भेटल्याशिवाय कसा मोजायचा, म्हणून पुन्हा रात्री आठला एक फेरी.

पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ला, संप झाला. गिरणी कामगारांचा, दत्ता सामंतांचा. अडीच लाख कामगार बाहेर, हे आकडे सगळ्यांना माहितीयेत, पण आईच्या वर्गात तो संप कसा दिसला ते सांगते. चौथीचा पट होता ६२. होळीला म्हणजे शिमग्याला गावी गेलेली पोरं परत आलीच नाहीत, कोकणातली तिकडेच, साताऱ्याची, कोल्हापूरची तिकडेच. जूनमध्ये वर्ग पुढे सरकला तेव्हा २१ नावं गायब. आणि गेलेल्या कोणीच शाळेचा दाखला नेलेला नव्हता, कारण सगळ्यांना वाटत होतं की संप मिटला की परत यायचंच आहे. आता दाखला नाही तर गावच्या शाळेत कोण बसू देणार. आईने पंधरा पैशांची पोस्टकार्डं आणली एकवीस, चाळीतल्या शेजाऱ्यांकडून गावचे पत्ते काढले, आणि प्रत्येकाला लिहिलं की अर्ज पाठवा, दाखला पोस्टाने येईल. मजकूर सगळ्यांना तोच. मी बारा वर्षांची, मला पत्ते लिहायला बसवलं होतं आणि "मु. पो." मधला टिंब विसरला म्हणून एक कार्ड माझ्या हातून फाडून घेतलं. कपाटातल्या वहीत ती एकवीस नावं अजून आहेत. सोळांपुढे बरोबरची खूण. पाच तशीच.

बाय द वे, ती मारायची. लाकडी पट्टी, उभी धरून, बोटांच्या पेरांवर. स्मरण उपासनेला तिचा एक जुना विद्यार्थी, आता साठीचा, आला होता आणि "बाईंच्या पट्टीने आम्हाला घडवलं" असं डोळ्यात पाणी आणून सांगत होता. मला ते आवडलं नाही. तो पट्टीने घडला नाही, त्याच्यासाठी ती शाळा सुटल्यावर एक तास थांबायची त्याने घडला. (आणि तो एक तास आमचा होता, हे पण एकदा लिहून टाकते. शाळेतल्या माझ्या एकाही बक्षीस समारंभाला आई नव्हती.)

आता भोपळा. रविवारी उपासना झाली की दानार्पणाची पिशवी वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीतल्या, टेबलावर रिकामी व्हायची आणि मोजणी आईकडे, मदतीला मी. चार आण्यांच्या नाण्यांच्या वीस-वीसच्या चवडी लावायच्या, एक चवड पाच रुपये. बोटांना तो तांब्या-पितळेसारखा वास यायचा तो संध्याकाळपर्यंत जायचा नाही. एका रविवारी दुसऱ्यांदा मोजताना पाच रुपये कमी भरले. पाळकसाहेब म्हणाले, जाऊ द्या हो टीचर, मी घालतो खिशातले. आई म्हणाली, खिशातले घातले तर हिशोब बरोबर दिसेल, बरोबर होणार नाही. आणि वहीत लिहिलं, "रु. ५ कमी. मोजणी: मी व मुलगी." माझं नाव का घातलंस म्हणून मी रडले होते.

वार्षिक सभेत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी नेमकी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि "बायकांच्या हातात पैसा" वगैरे काहीतरी बोलले. लोक हसले. आई काही बोलली नाही, घरी येऊन मात्र तिने दोन किलो तांदूळ निवडले जे आधीच निवडलेले होते.

तीन महिन्यांनी टेबलाचा ड्रॉवर रंगवायला बाहेर काढला तर मागच्या फटीत ती अख्खी चवड. वीस नाणी. आईने वहीत "रु. ५ सापडले" लिहिलं, तारीख टाकली, विषय संपला असं आम्हाला वाटलं. मग आला सुगीचा सण. ज्यांनी हा लिलाव पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: सगळे घरून काहीबाही आणतात, अंडी, केळी, भाज्या, केक, आणि त्याची बोली लावून पैसे चर्चला. दोन रुपयांच्या नारळाला वीस येतात, मजाच असते. त्या गृहस्थांनी एका लाल भोपळ्यावर दहा रुपये लावले आणि मागून आईचा आवाज, अकरा. ते म्हणाले पंधरा. आई, सोळा. असं करत करत साठच्या पुढे गेल्यावर लोक हसायचे थांबले. ८४ वर ते अडले. आईने ८५ म्हटलं, सगळ्यांसमोर पर्समधून नोटा काढून एकेक मोजून ठेवल्या आणि म्हणाली, "मोजून घ्या, कमी नकोत." आम्ही आठ दिवस भोपळा खाल्ला. भाजी, घारगे, भरीत, परत भाजी. बाबा एक शब्द बोलले नाहीत. खरा सोशिक माणूस घरात तो होता.

बाबांना शिवडीला पुरलं २००९ला. शिवडीच्या दफनभूमीत जागेची काय बोंब आहे ते आमच्या लोकांना सांगायला नको. त्यामुळे आई दर वाढदिवसाला शांतपणे हिशोब सांगायची, एवढी वर्षं झाली, आता ती कबर उघडता येईल, माझी सोय झालेली आहे, तुम्ही धावपळ करू नका. तशीच झाली. २०२४च्या फेब्रुवारीत, ८७ची होऊन. माती देताना खाडीचा वास येत होता आणि दादाने मला ढोसून विचारलं, जिन्याच्या पायऱ्या किती गं आपल्या? मी म्हटलं ३८. तो म्हणाला ३९.

तिच्या उशीखाली महिला मंडळाच्या कपाटाची किल्ली सापडली, नाडीत बांधलेली, सोबत चिठ्ठी, "पाळकसाहेबांकडे पोचवणे, पावती घेणे." मी पुढच्या रविवारी घेऊन गेले. सेक्रेटरी नवीन मुलगी आहे, तिने किल्ली लावून बघितली, दोनदा, तीनदा. मग ओशाळून म्हणाली, मावशी, हे कुलूप आम्ही चार वर्षांपूर्वीच बदललं. टीचरना वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं.

मी पावती मात्र मागून घेतली.