साडेसोळा कोटींचं गुडविल दाखवा बघू

फेब्रुवारी 2022. सीएफओ (वित्तप्रमुख) साहेबांचा फोन आला, "पीपीए पाठवा." मी इमानदारीत वीजखरेदी कराराची सगळी पानं स्कॅन करून पाठवली. दहा मिनिटांत परत फोन. "बेन, आ नहीं. बीजो."

बीजो म्हणजे दुसरा. वीजधंद्यात पीपीए म्हणजे पॉवर पर्चेस अ‍ॅग्रीमेंट. आणि कुणी कंपनी विकत घेतली की मोजलेली किंमत तिच्या एकेका मालमत्तेवर वाटायची असते, तेही पीपीए, पर्चेस प्राइस अ‍ॅलोकेशन. आमच्या कामात हे दोन्ही एकमेकांच्या पोटात होते. पहिल्या पीपीएची किंमत काढल्याशिवाय दुसरा होईना, म्हणून पुढे ऑफिसात आम्ही एकाला 'करार' आणि दुसऱ्याला 'वाटप' म्हणायला लागलो. इथेही तसंच म्हणते.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. सीए होऊन बारा वर्षं झाली, त्यातली बहुतेक अलकापुरीतल्या एका मध्यम आकाराच्या ऊर्जा कंपनीच्या अकाउंट्समध्ये गेली. त्या वर्षी 1 जानेवारीला आमच्या कंपनीने उत्तर गुजरातेतली, 10 मेगावॅटचा एकच सोलार प्लांट असलेली एक छोटी कंपनी शंभर टक्के विकत घेतली. तिच्यावर कर्ज उरलं नव्हतं. दिले 66 कोटी. (आकडे मी गोल केलेत, थोडे हलवलेतही. प्रमाण तेच आहे.) 31 मार्चच्या ताळेबंदात हे 66 कोटी कुठे कुठे बसतात ते इंड-एएस 103 (कंपनी-खरेदीचं भारतीय लेखामानक) प्रमाणे दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. याआधी मी असं एकही वाटप केलेलं नव्हतं. परीक्षेला हा धडा होता, तेवढंच.

मला वाटलं होतं, यात कठीण ते काय? प्लांट घेतला, प्लांटची किंमत लिहायची, उरलं ते गुडविल, म्हणजे मालमत्तेच्या किमतीहून जास्त मोजलेले पैसे.

आता कराराकडे बघा. गुजरात वीज नियामक आयोगाच्या 2010 च्या आदेशाप्रमाणे त्या काळात उभ्या राहिलेल्या सोलार प्लांटना पहिली 12 वर्षं युनिटला 15 रुपये आणि पुढची 13 वर्षं 5 रुपये असा दर होता. घेणारा गुजरात ऊर्जा विकास निगम, ज्याचं मुख्यालय आमच्याच गावात रेसकोर्सला आहे. आमचा प्लांट 2012 च्या जानेवारीत सुरू झालेला. म्हणजे आम्ही घेतला तेव्हा 15 रुपयांची दोन वर्षं आणि 5 रुपयांची 13 वर्षं शिल्लक होती. आणि बाजारात? डिसेंबर 2020 मध्ये याच निगमच्या लिलावात सोलारचा दर 1 रुपया 99 पैशांपर्यंत खाली आला होता.

आमच्या आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग ही पागडीच की. विटांचे पैसे कुठे मोजलेत तुम्ही?" दांडिया बाजारात जुन्या वाड्यांचे व्यवहार बघत मोठी झालेली बाई. तिला जे एका वाक्यात कळलं ते मला तीन आठवड्यांनी कळलं.

कारण पहिल्या फेरीत मी घोळ घातला. कराराची किंमत आमच्या व्हॅल्यूअरनी काढली. ते अहमदाबादचे, नोंदणीकृत, वयाने मोठे आणि कमी बोलणारे. पद्धत सरळ होती: करारातला दर आणि बाजारातला दर यातला फरक गुणिले युनिटं, वर्षागणिक, कर वजा करून, आणि मग ते सगळं आजच्या किमतीला आणायचं. बाजाराचा दर कुठला धरायचा यावर दोन दिवस गेले. ऑडिटरचं म्हणणं 1.99. व्हॅल्यूअरचं म्हणणं, तो एका लिलावाचा तळ होता, त्यानंतर मॉड्यूल, म्हणजे सोलार पॅनेल, महागली आणि 1 एप्रिल 2022 पासून आयात मॉड्यूलवर 40 टक्के सीमाशुल्क लागणार हे आधीच जाहीर झालंय, तेव्हा अडीच रुपये धरा. अडीच ठरले. वर्षाला साधारण 1.6 कोटी युनिटं. दोन वर्षं युनिटला साडेबारा रुपयांचा फरक, पुढे अडीच रुपयांचा. दहा टक्क्यांनी मागे आणून, कर काढून, करार आला 44 कोटींचा.

प्लांटसाठी मी जुन्या कंपनीच्या पुस्तकातला आकडा उचलला. 140 कोटींचा खर्च, 25 वर्षांचं आयुष्य, 10 वर्षांचा घसारा गेला, राहिले 84 कोटी. 84 अधिक 44, 128. त्यावरचा डिफर्ड टॅक्स (पुढे कधीतरी भरावा लागणारा कर) वजा केला तरी जवळपास 96. आणि आम्ही दिलेत 66! म्हणजे 30 कोटींचा बार्गेन पर्चेस, खऱ्या किमतीहून स्वस्तात झालेली खरेदी. साहेब खूश. "आ तो नफो थयो ने?" मी सांगितलं, नफा नाही, आपल्याकडे इंड-एएसमध्ये असा फायदा नफा-तोट्यात जात नाही, 'इतर सर्वंकष उत्पन्न' या वेगळ्या सदरातून कॅपिटल रिझर्व्ह या राखीव निधीत जातो. आंतरराष्ट्रीय मानकात तो थेट नफ्यात येतो, तिथेच दोन्हींत फरक आहे. आपण फार शहाणं काहीतरी सांगितलं असं मला वाटलं होतं.

ऑडिट टीममधल्या मुलीने, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, शांतपणे विचारलं, "ताई, विकणारा वेडा होता का?"

मानकातही हेच आहे, फक्त सभ्य भाषेत. बार्गेन दिसला तर नोंदवण्याआधी परत तपासा, सगळी मालमत्ता आणि सगळी देणी धरलीत का, मोजमाप बरोबर आहे का. मी परत बसले. आणि चूक दिसली ती इतकी ढळढळीत होती की कान गरम झाले. 2011-12 मध्ये मेगावॅटला 14 कोटींच्या घरात खर्च यायचा. 2022 ला तोच प्लांट उभा करायला मेगावॅटला पावणेचारच्या आसपास. पुस्तकातले 84 कोटी हा जुन्या महागाईचा अवशेष होता. आज तसाच नवा प्लांट 37 कोटींत होतो आणि आपला 25 पैकी 10 वर्षं वापरलेला, म्हणजे उरतात 22. ज्या चढ्या दरामुळे तेव्हा 140 कोटी घालणं परवडलं, त्या दराची किंमत मी करारात एकदा मोजली होती आणि प्लांटच्या जुन्या किमतीत पुन्हा एकदा. 22 अधिक 44, बरोबर 66. विकणारा मुळीच वेडा नव्हता.

मध्ये एकदा साइटवर जाऊन आले, हे बरं झालं. पहाटे चारला बडोद्याहून निघालो, पाटण जिल्ह्यात छोट्या रणाच्या कडेला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. पॅनेलच्या मागचे लेबल उन्हाने पांढरे पडलेले, अनुक्रमांक बोटाने चाचपून वाचावे लागले. खारवट वाऱ्याने स्ट्रक्चरचे बोल्ट गंजलेले. मालमत्ता रजिस्टरात 500 किलोवॅटचे 20 इन्व्हर्टर, सगळे 'चालू'. मोजले तर 19 गुणगुणत होते. विसाव्याचं दार उघडलं तर आत नुसतं कपाट. त्याचे बोर्ड, पंखे, फ्यूज एकेक करून काढून बाकीच्यांना बसवले होते, कारण त्या कंपनीचे सुटे भाग आता मिळत नाहीत. देखरेख करणाऱ्या भाईंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आणे बधाने जिवाड्या छे, बेन." याने सगळ्यांना जगवलंय. रजिस्टरात मात्र त्याची किंमत शाबूत होती. 22 कोटींतून ती आम्ही काढली, आणि शेजारच्या कंटेनरमध्ये रजिस्टरात नसलेले काही नवे सुटे भाग सापडले, ते धरले. बेरीज जवळपास तीच राहिली, पण आता ती पाहिलेली होती.

आता गुडविल. ही गोष्ट मला घरी, ऑफिसात, बोर्डात, कुणालाच धड समजावता आली नाही, म्हणून इथे सावकाश लिहिते.

मालमत्ता 66, किंमत 66. मग गुडविल शून्य यायला हवं. येत नाही. आम्ही प्लांट घेतला नाही, कंपनीचे शेअर घेतले, त्यामुळे आयकर खात्याच्या लेखी काहीच बदललं नाही. तिथे कराराची किंमत शून्य. प्लांटचीही जवळपास शून्यच, कारण त्या काळी सोलारवर 80 टक्के घसारा मिळायचा आणि तो सगळा आधीच घेऊन झालेला. आमच्या ताळेबंदात 66, कराच्या हिशेबात शून्य. या फरकावर 25.168 टक्क्यांनी डिफर्ड टॅक्सचं देणं बसतं: 16.6 कोटी. मग निव्वळ मालमत्ता उरली 49.4 कोटी. दिले 66. फरक 16.6 कोटी, आणि मानकाप्रमाणे त्याचं नाव गुडविल.

म्हणजे हे गुडविल ना नावलौकिकाचं, ना हुशार माणसांचं. त्या कंपनीत माणसंच नव्हती, देखभाल बाहेरच्या ठेकेदाराकडे होती. एका बाजूला कराचं देणं लिहिलं म्हणून दुसऱ्या बाजूला तेवढ्याच आकाराची सावली पडली. बोर्डातल्या एका ज्येष्ठ संचालकांनी विचारलं, "साडेसोळा कोटींचं गुडविल आहे कुठे? दाखवा बघू." मी त्यांना डिफर्ड टॅक्सची ओळ दाखवली. ते माझ्याकडे आणि मी पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिलो.

माझं स्वतःचं मत आजही असं आहे की हा व्यवहार बिझनेस कॉम्बिनेशन (चालता धंदा विकत घेणं) म्हणून धरायलाच नको होता. 2020 च्या दुरुस्तीनंतर इंड-एएस 103 मध्ये एक ऐच्छिक चाचणी आहे: घेतलेल्याची जवळपास सगळी किंमत एकाच मालमत्तेत एकवटली असेल तर तो 'बिझनेस' नाही, नुसती मालमत्ता खरेदी. मग गुडविल नाही, हा डिफर्ड टॅक्सही नाही, 66 कोटी सरळ प्लांट आणि करारावर वाटायचे, वकील-व्हॅल्यूअरची फीसुद्धा त्यातच धरायची. आता गंमत बघा. करार आणि प्लांट वेगळे धरले तर कुठल्याच एका गोष्टीत सगळी किंमत नाही, चाचणी नापास. एकत्र धरले तर पास. आणि एकत्र धरता येतात का? मानकातच अणुवीज प्रकल्पाचं उदाहरण आहे: चालवण्याचा परवाना आणि प्रकल्प यांचं आयुष्य सारखं असेल तर दोन्ही मिळून एक मालमत्ता दाखवता येते. आमच्या प्लांटची 15 वर्षं उरलेली, कराराचीही 15. मी चार पानांचं टिपण लिहिलं. पण ग्रुपच्या आधीच्या खरेद्या बिझनेस म्हणून धरलेल्या होत्या, साहेबांना पायंडा मोडायचा नव्हता, आणि चाचणी ऐच्छिक असल्याने ऑडिटरही आड येऊ शकत नव्हते. ठेकेदाराच्या माणसांसह प्लांट चालता आहे, प्रक्रिया आहे, उत्पादन आहे, म्हणून बिझनेस. चुकीचं नाही ते. पण मला पटलेलं नाही. फीचे सव्वा कोटी त्यामुळे त्याच वर्षी खर्चात गेले, ते वेगळंच.

बाबा मकरपुऱ्याच्या ओएनजीसीतून निवृत्त. त्यांनी जेवताना विचारलं, "मग आम्ही एचपीसीएल घेतली तेव्हा केवढं गुडविल आलं?" जानेवारी 2018, 51.11 टक्के शेअर, 36,915 कोटी. मी म्हटलं, शून्य. दोन्ही कंपन्यांचा धनी सरकारच. एकाच नियंत्रणाखालचा व्यवहार असेल तर फेअर व्हॅल्यू (आजची बाजारातली किंमत) काढतच नाहीत, पुस्तकातलेच आकडे जोडतात, फरक राखीव निधीत. बाबांना ते फार आवडलं. "बघ, सरकारी काम सोपं असतं."

मार्चचा ताळेबंद आम्ही 'तात्पुरता' म्हणून काढला. मोजमाप पक्कं करायला खरेदीच्या तारखेपासून जास्तीत जास्त एक वर्ष मिळतं. त्या मुदतीत एक जुना वाद वर आला, खरेदीपूर्वीच्या काळातल्या एका शुल्काचा, सव्वा कोटीचा. एरवी असं देणं फक्त ताळेबंदाखालच्या टिपेत जातं, पण वाटपात ते फेअर व्हॅल्यूने धरावं लागतं, द्यावं लागण्याची शक्यता कमी असली तरी. विकणाऱ्याने भरपाईची हमी दिली होती, म्हणून तेवढीच मालमत्ता समोर. निव्वळ फरक शून्य, काम आठवड्याचं.

खरी भांडाभांडी झाली ती कराराचे 44 कोटी किती वर्षांत खर्चात टाकून संपवायचे यावर. 15 वर्षांत सारखे वाटले तर वर्षाला तीन कोटींपेक्षा कमी. साहेबांना तेच हवं होतं. पण या 44 पैकी सुमारे 26 कोटी त्या 15 रुपयांच्या दोन वर्षांचेच होते. दोन वर्षांनी दर पाचावर आला की पुस्तकात तेच 26 कोटी कुठल्या तोंडाने ठेवायचे? ऑडिटरने उलट बाजूने अडवलं: अमूर्त मालमत्ता (करारासारखी, हाताला न लागणारी) महसुलाच्या प्रमाणात संपवायला मानक सहसा परवानगी देत नाही. शेवटी कराराचे दोन तुकडे केले, 15 रुपयांचा आणि 5 रुपयांचा, प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. वर्षाला 13 कोटींचा बोजा बघून साहेब माझ्याशी चार दिवस कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी माझ्या टेबलावर लीलो चिवडोचं पाकीट होतं.

2024 च्या फेब्रुवारीत 5 रुपये दराचं पहिलं बिल निघालं, दिवसा वीज तेवढीच तयार करून पैसे तिसरा हिस्सा. करारातले 26 कोटी तोवर संपले होते, त्यावरचं डिफर्ड टॅक्सचं देणंही साडेसहा कोटींनी उतरलं होतं. गुडविल मात्र घसाऱ्याने उतरत नाही, त्याची किंमत अजून टिकून आहे का याची दरवर्षी चाचणी घ्यायची असते. त्या मार्चला चाचणी लावली आणि साडेसहा कोटी तिथून कमी केले. बोर्डात त्याच ज्येष्ठ संचालकांनी पान उलटलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे कुठे गेले?" मी परत तीच डिफर्ड टॅक्सची ओळ काढली. या वेळी त्यांनी पेन मागून घेतलं आणि समासात स्वतः 16.6 वजा 6.5 केलं.