तुम्ही विचारलंत म्हणून : इंजिनिअरिंग ड्रॉइंग आले कुठून?

मी पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतो. हा विषय मुळात कोणी आणि कशासाठी काढला, असे विद्यार्थी मला वरचेवर विचारतात. त्याचे उत्तर फ्रान्सच्या उत्तर सरहद्दीवरील मेझिएर या गावी १७४८ साली स्थापन झालेल्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयाच्या इतिहासात आहे.

किल्ले बांधणारे अधिकारी घडवणाऱ्या या विद्यालयात गणिताबरोबर दगडाची घडाई आणि सुतारकामही शिकवले जाई; मात्र अधिकारी होण्यासाठी घराणे पाहिले जाई. त्यामुळे बोन गावच्या एका किरकोळ व्यापाऱ्याचा मुलगा असलेल्या गास्पार माँज याला, त्याने काढलेला गावाचा नकाशा एका लष्करी अधिकाऱ्याला फार आवडूनही, आराखडे आणि प्लास्टरचे नमुने करणाऱ्या विभागातच जागा मिळाली. तेथे त्याच्याकडे एक किचकट काम आले : भोवतालच्या टेकड्यांवर शत्रूने तोफा चढवल्या, तरी किल्ल्यातील माणसांवर थेट मारा होऊ नये, यासाठी तट कोठे किती उंच ठेवावा? ज्या कामाला तोवर लांबलचक आकडेमोड लागे, ते माँजने भूमितीच्या आधारे इतक्या लवकर संपवले की वरिष्ठ अधिकारी आधी ते तपासायलाच तयार होईना. टेकडी, तट आणि तोफेच्या माऱ्याची रेषा एकाच वेळी वरून आणि समोरून रेखाटायची, आणि खरी उंची कागदावरच मोजून घ्यायची, हे त्या रीतीचे मर्म. आपण टॉप व्ह्यू (वरून दिसणारे चित्र) आणि फ्रंट व्ह्यू (समोरून दिसणारे चित्र) प्रोजेक्टर्सनी, म्हणजे एका चित्रातून दुसऱ्यात नेलेल्या रेषांनी, जोडतो, ते याच तत्त्वावर.

पद्धतीचे मोल कळताच ती लष्करी गुपित ठरली. पुढे माँज तेथेच प्राध्यापक झाला, पण जवळजवळ तीस वर्षे ही विद्या बाहेर आली नाही, आणि हे मला त्या विद्यालयाचे मोठे अपयश वाटते. तेथेच शिकलेल्या कुलाँ या लष्करी अभियंत्याने कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर किल्ला बांधतानाच्या अनुभवावरून मातीच्या दाबाचे गणित मांडले, ते मात्र १७७३ मध्येच पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचले गेले. रिटेनिंग वॉलसाठी, म्हणजे माती अडवून धरणाऱ्या भिंतीसाठी, सिव्हिलचे विद्यार्थी ते अजून शिकतात.

राज्यक्रांतीनंतर, १७९४ मध्ये, मेझिएरचे विद्यालय बंद होऊन त्याचे काम मेट्झला गेले. १७९५ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल या शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयात माँजने ही भूमिती प्रथमच उघडपणे शिकवली, आणि ती कारागिरांपर्यंतही पोहोचावी असा आग्रह धरला. ती व्याख्याने १७९९ मध्ये पुस्तकरूपाने निघाली.