न सापडलेले पत्ते

पहिल्याच बैठकीत ग्राहकाला हीटमॅप, म्हणजे बिंदू जिथे दाट तिथे लाल रंग भरणारा नकाशा, दाखवू नये, असं माझं मत आता पक्कं झालंय. लाल डाग दिसला की माणसं बाकी काही बघतच नाहीत.

शाळकरी मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवणारी एक संस्था आमच्याकडे आली होती. नवं केंद्र कुठे काढायचं, एवढाच प्रश्न. आम्ही जीआयएसवाले, म्हणजे संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळणारे, दिवसभर नकाशे रंगवतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात आमचा बहुतेक वेळ एक्सेलमधले पत्ते निस्तरण्यात जातो. इथे तर संस्थेच्या मार्केटिंगवाल्यांनी कुठल्याशा फुकट साधनावर मुलांच्या पत्त्यांचा नकाशा आधीच करून आणला होता. त्यात एके ठिकाणी भडक लाल गोळा होता आणि तिथल्या जागामालकाशी बोलणीही सुरू झाली होती.

मी हीटमॅप बंद करून नुसते बिंदू बघितले. गोळ्याखालच्या शेकडो पत्त्यांचे अक्षांश-रेखांश सहाव्या दशांशस्थळापर्यंत एकच निघाले. सहावं दशांशस्थळ म्हणजे जमिनीवर फार तर ११ सेंटिमीटर. थोडक्यात, शेकडो कुटुंबं वीतभर जागेत नांदत होती! प्रकार नेहमीचाच. पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणाऱ्या जिओकोडरला घर सापडलं नाही की तो रस्ता शोधतो, रस्ता नाही तर वस्ती, आणि काहीच जमलं नाही की पिनकोडच्या हद्दीचा मध्यबिंदू देऊन मोकळा होतो. जुळणी किती भरवशाची आहे हे एका रकान्यात तो लिहितो, पण फाइल ‘नीटनेटकी’ करताना लोक पहिल्यांदा तोच रकाना उडवतात.

केंद्रांभोवती ३ किलोमीटरची वर्तुळंही काढलेली होती, तीसुद्धा थेट वेब मर्केटरमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायच्या वेब-नकाशांतल्या नेहमीच्या प्रक्षेपणात. या प्रक्षेपणात विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितकं अंतर फुगत जातं. ६० अंश अक्षांशावर तर नकाशातले ३ किलोमीटर जमिनीवर दीडच भरतात. आपल्याकडे फरक थोडा पडतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही. मला मात्र अशी वर्तुळं बघवत नाहीत.

न जुळलेले पत्ते वगळायचे आणि उरलेल्यांवर विश्लेषण करायचं, ही आमच्या धंद्याची रीत. साहेबांनीही तेच सांगितलं. सुधारलेला नकाशा घेऊन गेले तेव्हा संस्थेच्या भूगोलाच्या बाई बैठकीत होत्या. लाल गोळा गेला म्हणून मार्केटिंगवाले हिरमुसले होते. बाईंनी विचारलं, “मग ती मुलं आता आहेत कुठे?”

मी वगळलेली यादी उघडली. ‘पाण्याच्या टाकीमागे’, ‘जुन्या शाळेसमोरची गल्ली’ असे पत्ते. जिओकोडरला रस्त्याचं नाव आणि घरक्रमांक लागतो, आणि ज्या वस्त्यांत ते नसतं तिथले पत्ते गठ्ठ्यानेच गळतात. बाई म्हणाल्या, “१८५४ चा लंडनमधल्या कॉलऱ्याचा नकाशा आम्ही शिकवतो. डॉक्टर जॉन स्नोने मृत्यूंचे ठिपके मांडले आणि एका पंपाच्या पाण्यावर बोट ठेवलं, एवढंच सगळे सांगतात. पण पंपाशेजारच्या दारूभट्टीतले कामगार का मेले नाहीत, हेही त्याने जाऊन विचारलं होतं.” माझी अडचण त्याच्या पुढची होती. भट्टीत मृत्यू खरोखरच नव्हते, इथे मुलं होती आणि नकाशा कोरा होता. हीटमॅपमध्ये ‘शून्य’ आणि ‘माहीत नाही’ यांचा रंग एकच असतो.

बाईंनी ते पत्ते वरच्या वर्गातल्या मुलांकडे दिले. नावं मी आधीच काढून टाकली होती. मुलं ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा खुला नकाशा उघडून बसली. टाकी नेमकी कुठली यावर भांडली, एका गल्लीवरून तर अबोलाच झाला. पण आमच्या महागड्या सॉफ्टवेअरला जे जमलं नव्हतं ते त्यांनी बरंचसं केलं. प्रमाण आणि दिशा शिकवायला याहून चांगला तास मी पाहिलेला नाही. त्यांचे बिंदू मी षट्कोनी जाळीत एकत्र केले, कुणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून.

बहुतेक पत्ते रुळांपलीकडचे निघाले. तिथून जवळचं केंद्र सरळ रेषेत ८०० मीटर, पण फाटकाला वळसा घालून चालत गेलं तर जवळपास ३ किलोमीटर. वर्तुळात ही वस्ती आरामात बसत होती. रस्त्यांच्या जाळ्यावरून २० मिनिटांच्या चालीची हद्द काढली तर ती रुळांशी करवतीने कापल्यासारखी थांबली.

बैठकीत एक जण म्हणाला, “तिकडचे लोक फी कुठून भरणार?” अहो, ती यादीच फी भरलेल्या मुलांची होती! बाईंनी हे त्याला शांतपणे सांगितलं. बाईंच्या जागी मी असते तर आवाज चढला असता.

शेवटी केंद्र मुख्य रस्त्यावर निघालं, पार्किंग आहे म्हणून. तो निर्णय सरसकट चुकला असं मला म्हणता येत नाही. भाडं, जिना, शेजार या गोष्टी माझ्या नकाशाच्या थरांत नव्हत्याच. अहवालातला न जुळलेल्या पत्त्यांचा करडा थर मात्र साहेबांनी परिशिष्टात ढकलला. ग्राहक करड्या रंगाचे पैसे देत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या कामात तो पहिल्याच पानावर घ्यावा, असं मला वाटतं. फक्त ‘माहीत नाही’ला असा कुठला रंग द्यावा की बघणाऱ्याला ते ‘नाही’ वाटणार नाही, हे अजून सुचलेलं नाही. सध्या तिरप्या रेघा मारून बघतेय.